गावपातळीवरचे परसातील कोंबडीपालन: पिल्ले आणण्याआधी काय, नंतर काय

बचत गटाचा कोंबडीपालनाचा प्रकल्प बुडतो तो बहुतेक वेळा पहिल्या दीड-दोन महिन्यांत, आणि कारण एकच असते: क्रम चुकतो. पिल्ले आधी येतात. खुराडे, लस, खाद्य, जबाबदार माणूस हे सगळे मागून येते. एक दिवसाची पिल्ले घरोघर दहा-दहा वाटली जातात, चुलीजवळ टोपलीखाली ठेवली जातात आणि पंधरवड्यात निम्मी मरतात. मग ‘ही जात आपल्याकडे टिकत नाही’ असा निष्कर्ष निघतो. जातीचा त्यात फारसा दोष नसतो.

इथे २० घरांचा एक पाडा आणि प्रत्येक घराला १० पक्षी असा हिशेब धरला आहे. गावात घरे कमी-जास्त असतील तर आकडे त्या प्रमाणात बदला, क्रम बदलू नका.

## गटाने काय करायचे, घराने काय करायचे

सगळेच काम सामुदायिक करू नका. मोठ्या पक्ष्यांची एकत्र शेड बांधली की रोज कोणी साफ करायचे, अंडी कोणी मोजायची यावरून वाद होतात आणि रोग आला तर एका रात्रीत सगळे जाते. गटाने एकत्र करायची कामे तीनच आहेत.

पहिले, पिल्लांचे पहिले साडेचार आठवडे एका खोलीत संगोपन. दहा पिल्लांना ऊब देणे जेवढे कष्टाचे, तेवढेच शंभरांना. दुसरे, लसीकरण. लसीची कुपी १००, २००, ५०० किंवा त्याहून जास्त मात्रांची येते आणि एकदा विरघळवली की तासा-दोन तासांत संपवावी लागते, त्यामुळे आठ कोंबड्यांचे घर एकट्याने लस घेऊच शकत नाही. तिसरे, खाद्याची खरेदी आणि अंडी-पक्ष्यांची विक्री.

पक्षी मात्र घराचेच असू द्या. ज्या बाईने संध्याकाळी खुराड्याची कडी लावायची, कोंबडी तिच्या नावावर हवी.

## टप्पा १: महिना ठरवा

सातपुड्याच्या पायथ्याशी, मेळघाटात किंवा विदर्भ-खानदेशच्या सपाट भागात पिल्ले आणायला सर्वांत सोयीचा काळ दसऱ्याच्या आसपासचा. पावसाचा ओलावा ओसरलेला असतो, थंडी कडक झालेली नसते. पिल्ले घरी जातात तेव्हा भात-ज्वारीची मळणी चालू असते आणि खळ्यावर सांडलेले धान्य फुकट मिळते. कोंबडे होळीपर्यंत विक्रीलायक होतात. सातपुड्यात होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात रंगीत, तुरेदार कोंबड्याला जी मागणी असते ती एरवी नसते.

भर पावसाळ्यात पिल्ले आणू नका. पिल्लांखाली अंथरलेला भाताचा तूस ओला राहतो आणि रक्ती हगवण लागते. एप्रिल-मे तर टाळाच. पत्र्याच्या खोलीत पिल्ले उन्हाने मरतात.

नेमकी तारीख ठरवताना विक्रीकडून मागे मोजा. आखाडात कोंबड्याला भाव असतो, श्रावण लागला की पडतो. त्यामुळे श्रावणात विकायला तयार होणारी खेप मुळात आणूच नका.

## टप्पा २: जात आणि संख्या

परसात फिरून खाणारा पक्षी हवा. वनराजा, गिरिराज, ग्रामप्रिया, कावेरी या रंगीत पिसांच्या सुधारित जाती त्यासाठीच तयार केलेल्या आहेत. अंडी हवी असतील तर ग्रामप्रिया, मांस आणि अंडी दोन्ही हवी असतील तर वनराजा किंवा गिरिराज. देशी कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ७० अंडी देते, वनराजा परसात नीट सांभाळली तर १०० ते ११०, ग्रामप्रिया त्याहून बरीच जास्त. पांढरी ब्रॉयलर पिल्ले स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. ती फिरून पोट भरत नाहीत आणि पळून जीव वाचवत नाहीत.

पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर येथे आहेत. मागणी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत आधीच नोंदवा, कारण हवी ती तारीख लगेच मिळत नाही.

२० घरांना प्रत्येकी १० द्यायचे तर २२० पिल्ले मागवा. उत्तम संगोपनातही काही मरतात. ही तूट आधी धरली नाही, तर शेवटच्या दोन घरांना पक्षी कमी पडतात आणि गटात भांडण होते.

सावध: एका घराला १० ते १५ पेक्षा जास्त पक्षी देऊ नका. परसात किडे, गवत, सांडलेले धान्य जेवढे मिळते त्यावरच हा हिशेब उभा आहे. पंचवीस पक्षी सोडले तर सगळे अर्धपोटी राहतात, अंडी घटतात आणि खाद्य विकत आणावे लागते. विकतच्या खाद्यावर परसातली कोंबडी परवडत नाही.

## टप्पा ३: खुराडे आधी

पिल्लांची मागणी नोंदवण्यापूर्वी वीसही घरांची खुराडी उभी राहिलेली हवीत. ही अट सैल करू नका. ‘पिल्ले आली की बांधतो’ म्हणणाऱ्याचे खुराडे मुंगसाने दोन पक्षी नेल्यावर उभे राहते.

१० मोठ्या पक्ष्यांना रात्रीपुरते ५ फूट लांब, ३ फूट रुंद खुराडे पुरते. ते जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच, चार खांबांवर ठेवा. तळाला बांबूच्या चिवा साधारण अर्धा इंच फट ठेवून बांधा, म्हणजे विष्ठा खाली पडते आणि पाय अडकत नाही. लांबी पूर्व-पश्चिम धरा. छप्पर दीड-दोन फूट पुढे काढा, नाहीतर झडीचा पाऊस आत येतो. बाजूंना अर्ध्या इंचाची जाळी लावा. मोठ्या भोकाच्या जाळीतून साप आत जातो, मुंगूसही शिरते.

दार बाहेरून कडीने बंद होणारे हवे, दोरीने बांधायचे नको. आत बसायला दोन इंच जाडीचा गोल दांडा, पक्ष्यामागे ६ ते ८ इंच. अंड्यांसाठी १ फूट लांब-रुंद खोके, पाच कोंबड्यांना एक, अंधाऱ्या कोपऱ्यात, तळाला भाताचे तणस.

खुराडे घराच्या आत किंवा स्वयंपाकाच्या जागेला लागून नको. रांगणारे मूल जिथे खेळते तिथे कोंबडीची विष्ठा पडत असेल तर मुलाला वारंवार जुलाब होतात आणि अंड्यातून मिळालेले सगळे वाया जाते. हा मुद्दा प्रकल्पाच्या कागदावर क्वचित असतो, पण पोषण हा उद्देश असेल तर तो अंड्याइतकाच महत्त्वाचा आहे.

तपासा: गटातील दोघींनी प्रत्येक खुराडे हाताने हलवून, कडी लावून, जाळीत बोटे घालून पाहावे. अंगठा आरपार गेला तर जाळी बदला.

## टप्पा ४: संगोपनाची खोली, पिल्ले येण्याआधी पंधरा दिवस

२२० पिल्लांना ३३ दिवसांपर्यंत साधारण १५० चौरस फूट जागा लागते, म्हणजे १० बाय १५ फुटांची खोली. भिंती-जमीन झाडून, धुऊन, वाळवून चुना मारा. उंदरांची बिळे काच घालून सिमेंटने बुजवा. एका रात्रीत उंदीर दहा-पंधरा पिल्ले संपवतो. ज्या बाईकडे खोलीचे काम असेल तिच्या दारात वेगळ्या चपला ठेवा. घरच्या कोंबड्यांना हात लावून थेट पिल्लांकडे जायचे नाही, साबणाने हात धुऊन जायचे.

साहित्य असे:

- भाताचा तूस, जमिनीवर २ ते ३ इंच जाड थर होईल इतका. लाकडाचा बारीक भुसा नको, पिल्ले तो खातात.
- दीड फूट उंचीचा पत्रा किंवा जाड पुठ्ठा, त्याची ५ ते ६ फूट व्यासाची दोन गोल रिंगणे. चौकोनी आडोसा केला तर पिल्ले कोपऱ्यात दाटून चेंगरतात.
- प्रत्येक रिंगणात १०० वॅटचे दोन बल्ब, पत्र्याच्या टोपाखाली. बल्ब जुन्या तारेचेच हवेत. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. ही चूक इतकी होते की खरेदीच्या यादीत ‘तारेचा बल्ब’ असे स्पष्ट लिहा.
- दर ५० पिल्लांमागे दोन लिटरचे एक पाण्याचे भांडे आणि एक उथळ खाद्यभांडे.
- पिल्लांचे स्टार्टर खाद्य ५० किलोच्या ४ पिशव्या. पहिल्या आठवड्यात पिल्लू दिवसाला साधारण १० ग्रॅम खाते, चौथ्या आठवड्यात ४० ग्रॅम. चार आठवड्यांचे मिळून पिल्लामागे ७०० ग्रॅम होते, उरलेले पुढच्या पाच दिवसांचे आणि सांडलवंडीचे.
- खोलीत टांगायला एक साधा तापमापक.
- वीज गेल्यावर लागणारी कोळशाची शेगडी आणि ती झाकायला पत्रा.

खाद्याच्या पिशव्या फळीवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवा. ओल धरलेले, बुरशी आलेले खाद्य पिल्लांना विषासारखे असते. चाळून, वाळवून वापरायचा मोह नको.

सावध: शेगडीच्या धुराने पिल्ले बसल्या जागी मरतात. निखारे बाहेर पूर्ण पेटवून, धूर संपल्यावरच आत न्या. वरचा झरोका उघडा ठेवा. खोलीत राखणदार झोपत असेल तर शेगडी आत ठेवूच नका.

## टप्पा ५: पहिला दिवस

पिल्ले पोहोचण्याच्या आदल्या रात्रीपासून बल्ब चालू हवेत, तूस हाताला कोमट लागला पाहिजे. तुसावर वर्तमानपत्राचे दोन-तीन थर अंथरा. पहिले दोन-तीन दिवस पिल्लांना तूस आणि खाद्य यातला फरक कळत नाही.

पिल्ले सकाळी किंवा संध्याकाळी उतरवा. केंद्रावरूनच मरेक्स या कोंबड्यांच्या रोगाची लस टोचली आहे का हे विचारा आणि पावतीवर लिहून घ्या. ही लस पहिल्याच दिवशी द्यायची असते, नंतर देता येत नाही. बेंबी ओली, पाय वाकडे, डोळे मिटलेले पिल्लू बाजूला काढा.

मग क्रम असा. आधी पाणी: उकळून कोमट केलेले, लिटरमागे ५० ग्रॅम गूळ. प्रत्येक पिल्लाची चोच एकदा पाण्यात बुडवा. २२० पिल्लांना अर्धा-पाऊण तास लागतो, कंटाळू नका. प्रवासातून आलेली काही पिल्ले पाणी ओळखतच नाहीत आणि भांड्याशेजारी तहानेने मरतात. दीड-दोन तासांनी कागदावर मक्याचा बारीक भरडा पसरा. स्टार्टर खाद्य दुसऱ्या दिवसापासून. गुळाचे पाणी सहा-आठ तासच ठेवा, नंतर साधे पाणी किंवा इलेक्ट्रोलाइट. गुळाचे पाणी रात्रभर राहिले तर आंबते आणि पिसे चिकट होतात.

तपासा: रात्री दहाच्या सुमारास वीस पिल्ले उचलून गळ्याखालची पिशवी चाचपा. ती भरलेली, मऊ लागली पाहिजे. रिकामी किंवा नुसती पाण्याची लागली तर उजेड, ऊब किंवा भांड्यांची मांडणी चुकली आहे.

## टप्पा ६: साडेचार आठवड्यांची ऊब

पहिल्या आठवड्यात बल्बखाली पिल्लांच्या उंचीवर ३५ अंश सेल्सिअस, मग दर आठवड्याला ३ अंश कमी: ३२, २९, २६. बल्ब सुरुवातीला दीड फुटावर ठेवा आणि दर आठवड्याला थोडा वर घ्या. तापमापकापेक्षा पिल्लांकडे पाहणे जास्त खरे. बल्बखाली ढीग करून ओरडत असतील तर थंडी वाजते आहे. पत्र्याला चिकटून चोच उघडी टाकून बसली असतील तर उकडते आहे. सगळी एकाच बाजूला गेली असतील तर दुसऱ्या बाजूने वारा येतो आहे, फट शोधा. सारखी पसरून काही खात, काही झोपत असतील तर ठीक.

पहाटे तीन ते पाच हा सर्वांत धोक्याचा वेळ. थंडी वाढलेली असते आणि वीज गेली तर कोणी जागे नसते. राखणीची पाळी याच वेळेसाठी लावा. दुपारी माणूस नसला तरी चालते.

रिंगण तिसऱ्या दिवसापासून थोडे थोडे वाढवा. कागद तिसऱ्या-चौथ्या दिवशी काढा. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी, हवा फार थंड नसेल तर, रिंगण काढून खोली मोकळी करा आणि कोपरे पुठ्ठ्याने गोल करा. तूस रोज हाताने वर-खाली करा. पाण्याच्या भांड्याखालचा ओला तूस लगेच काढून तिथे कोरडा टाका. भांडी विटेवर ठेवली तर कमी सांडते. मूठभर तूस दाबून पाहा. गोळा झाला तर ओला आहे, सुटला तर बरोबर.

तिसऱ्या आठवड्यापासून विष्ठेवर डोळा ठेवा. रक्ताची छटा दिसली, पिल्ले पंख पाडून बसली तर ती रक्ती हगवण. त्याच दिवशी दवाखान्यात जा. औषध पाण्यातून देतात आणि मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. औषध दिले पण तूस बदलला नाही तर आजार परत येतो.

या काळात घरचा कणीकोंडा, शिळा भात देऊ नका. स्वस्त पडते, पण पिल्लांची वाढ खुंटते आणि ती नंतर भरून निघत नाही.

## टप्पा ७: लसीकरण, इथे सर्वांत जास्त चुकते

मानमोडी, म्हणजेच राणीखेत, हा गावातल्या कोंबड्या एका आठवड्यात साफ करणारा रोग. त्यावर औषध नाही, लस आहे. ती रोग आल्यावर देऊन उपयोग होत नाही, कारण लस दिल्यावर शक्ती यायला आठ ते पंधरा दिवस लागतात.

क्रम असा, दवाखान्यात दाखवून पक्का करून घ्या:

१. ५ ते ७ वा दिवस: लासोटा (राणीखेतची सौम्य लस), डोळ्यात एक थेंब.
२. १४ वा दिवस: गंबोरो या रोगाची लस, डोळ्यात किंवा चोचीत थेंब.
३. २८ वा दिवस: लासोटा पुन्हा.
४. ६ ते ७ वा आठवडा: देवी, पंखाच्या पातळ कातडीत.
५. ८ ते १० वा आठवडा: आर-टू-बी (राणीखेतचीच दुसरी लस), टोचून. ही लस तीव्र असते, आठ आठवड्यांखालच्या पिल्लाला टोचू नका.

पुढे राणीखेतची लस किती महिन्यांनी द्यायची ते दवाखान्यात ठरवून गटाच्या नोंदवहीत तारीख लिहा.

आता बहुतेक गट विसरतात ती गोष्ट: गावातल्या जुन्या देशी कोंबड्या. लस दिलेली पिल्ले बिनलशीच्या कोंबड्यांत सोडली की पहिल्या साथीत दोन्ही जातात. म्हणून सातव्या दिवशी संध्याकाळी पिल्लांना लस द्या आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, पक्षी खुराड्यातून सोडण्यापूर्वी, नवी कुपी फोडून पाड्यातल्या प्रत्येक कोंबडीला द्या. गटात नसलेल्या घरांच्याही. आधी पिल्ले, मग गाव, हा क्रम उलटा करू नका. गावात फिरलेला माणूस रोग खोलीत आणतो. पिल्ले वाटायच्या वेळेपर्यंत जुन्या पक्ष्यांना तीन आठवडे झालेले असतात. आर-टू-बीच्या वेळीही पाड्यातले सगळे मोठे पक्षी एकत्रच घ्या.

लस २ ते ८ अंशांत ठेवायची असते. दवाखान्यातून आणताना थर्मासमध्ये बर्फ घाला. कुपी बर्फावर पिशवीत ठेवा, बर्फाच्या पाण्यात तरंगत नको. उन्हात मोटारसायकलच्या डिकीतून आलेली लस म्हणजे नुसते पाणी. विरघळवण्याचे द्रावणही गार असावे. थेंब टाकल्यावर पिल्लू लगेच सोडू नका, डोळा मिटून थेंब आत गेला की सोडा. आजारी, सुस्त पक्ष्याला लस देऊ नका.

पाण्यातून लस द्यायची वेळ आली तर नळाचे क्लोरिनचे पाणी वापरू नका. विहिरीचे स्वच्छ पाणी घ्या, लिटरमागे ५ ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर घाला आणि त्याआधी दोन तास पाणी तोडा, म्हणजे सगळे पक्षी एकदम पितात.

हे काम पशुसखीने, म्हणजे जनावरांच्या देखभालीसाठी निवडलेल्या गावातल्याच बाईने, शिकून घेतले पाहिजे. उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या पशुसख्यांना याचे प्रशिक्षण मिळते. तिला पक्ष्यामागे ठरलेला मोबदला द्या. फुकटचे लसीकरण पहिल्या वेळी होते, तिसऱ्या वेळी होत नाही.

## टप्पा ८: घरी वाटप

२८ व्या दिवशी लस दिली की लगेच वाटू नका. लशीचा ताण आणि जागा बदलण्याचा ताण एकत्र आला तर पिल्ले आजारी पडतात. ३२-३३ व्या दिवशी, संध्याकाळी वाटा. चिठ्ठ्या टाकून वाटा, निवडून नाही.

घराला पिल्लांबरोबर पंधरा दिवसांचे खाद्यही द्या. पक्ष्यामागे दिवसाला ५० ग्रॅम धरले तर १० पिल्लांना साडेसात किलो. पहिले पाच-सहा दिवस पिल्ले खुराड्यातच ठेवा, म्हणजे घर ओळखतात. मग सूर्य मावळायच्या तासभर आधी सोडा. अंधार पडला की ती आपोआप परततात. दोन-तीन दिवसांनी वेळ वाढवत न्या. पहिल्याच सकाळी सोडलेली पिल्ले शेजारच्या झुडपात रात्र काढतात आणि रानमांजराला मिळतात.

धान्याची सवय हळूहळू लावा. पंधरा दिवसांनंतर सकाळ-संध्याकाळ मिळून पक्ष्यामागे ३० ते ४० ग्रॅम ज्वारी, मक्याचा भरडा किंवा तांदळाची कणी. संध्याकाळचा दाणा खुराड्यातच टाका, बोलवायला जावे लागत नाही. प्रथिनांसाठी मडक्यात शेण आणि ओले गोणपाट भरून वाळवी असलेल्या जागी रात्रभर पालथे ठेवा, सकाळी वाळवी पक्ष्यांसमोर झटका. अंड्यावर आल्यावर शिंपल्याचा चुरा एका भांड्यात कायम ठेवा. नाहीतर पातळ कवचाची अंडी येतात आणि कोंबड्या ती फोडून खायला शिकतात. अंड्याची कवचे द्यायची तर भाजून, बारीक चुरा करूनच.

उवा-गोचीड झाले तर शेतातले कीटकनाशक अंगाला लावू नका. राख आणि कोरडी माती मिसळून धुळीत लोळायला खड्डा करून द्या. त्याने आटोक्यात येत नसेल तर दवाखाना.

## टप्पा ९: अंडी, आधी ताटात

इथे हिशेब स्पष्ट हवा, कारण याच जागी पोषण आणि पैसा एकमेकांच्या आड येतात. दहा पिल्लांतली सरासरी निम्मी नर निघतात. एखाद-दुसरा पक्षी जातो. म्हणजे घराला चार-पाच कोंबड्या आणि तेवढेच कोंबडे. वनराजा साधारण सहा महिन्यांनी अंड्यावर येते. पाच कोंबड्यांची वर्षाची अंडी ५०० च्या आसपास. दोन मुले आणि त्यांची आई यांना आठवड्याला प्रत्येकी तीन अंडी दिली तर वर्षाला ४६८ होतात. विकायला जवळपास काही उरत नाही.

म्हणून पहिल्या खेपेत अंडी घराची आणि रोख पैसा कोंबड्यांचा, असे ठरवून टाका. साडेतीन-चार महिन्यांत दीड-दोन किलोचे झालेले कोंबडे विकायचे, कळपात एकच ठेवायचा. अंड्यांपासून उत्पन्न हवे असेल तर दुसऱ्या खेपेत कोंबड्यांची संख्या वाढवा, मुलांच्या वाट्याला कात्री लावू नका. व्यापारी दारात आला की घरातली सगळी अंडी जातात आणि त्या पैशाचे बिस्किटाचे पुडे येतात. हे थांबवण्यासाठी बैठकीत घरटी किमान अंडी ठरवून भिंतीवर लिहिलेली बरी.

सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला वरच्या आहाराबरोबर पूर्ण उकडलेले अंडे कुस्करून, थोड्यापासून सुरू करून देता येते. कच्चे किंवा अर्धे शिजलेले नाही. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिने असतात. अंगणवाडीत अंडे मिळते म्हणून घरचे बंद करू नका, आणि घरी आहे म्हणून अंगणवाडीतले सोडू नका. माळकरी किंवा अंडी न खाणाऱ्या घरावर सक्ती नको. त्यांनी अंडी गटातल्या गरोदर बाईला विकावी.

विकायची अंडी धुऊ नका, कोरड्या कापडाने पुसा. टोकदार बाजू खाली ठेवून, गार जागी. पाण्यात टाकल्यावर आडवे तळाशी बसले तर ताजे, उभे राहिले तर जुने, तरंगले तर फेका. आठवडी बाजारात गटाची एकच टोपली गेली तर भाव एक राहतो.

## टप्पा १०: पुढची पिल्ले

वनराजा-ग्रामप्रिया अंड्यावर बसत नाहीत. खुडूक बसण्याचे काम देशी कोंबडीचे, म्हणून प्रत्येक घरात दोन-तीन देशी कोंबड्या राखा. सुधारित जातीच्या अंड्यांतून पिल्ले निघतात, पण ती आईइतकी अंडी देत नाहीत. ती खाण्या-विकण्यासाठी ठीक. अंड्यांचा कळप दीड-दोन वर्षांनी उबवणी केंद्रातूनच बदला.

खुडूक कोंबडीखाली १० ते १२ अंडी, सात दिवसांपेक्षा जुनी नकोत. सातव्या रात्री बॅटरीच्या उजेडात पाहा: लाल शिरांचे जाळे दिसले तर भरले आहे, स्वच्छ दिसले तर काढून घ्या. २१ व्या दिवशी पिल्ले येतात. त्यांना आईसह तीन-चार आठवडे डालग्याखाली ठेवा. घार आणि मांजर या दोघांचा धोका याच वयात असतो.

## एकाच दिवशी बरेच पक्षी मेले तर

नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला २००६ मध्ये बर्ड फ्लूचा देशातला पहिला उद्रेक झाला, तेव्हापासून हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हाताने शिवू नका, कापू नका, खाऊ नका, नाल्यात टाकू नका. उरलेले घाईने विकू नका, रोग पुढच्या गावात जातो. त्याच दिवशी दवाखान्याला किंवा १९६२ या क्रमांकावर कळवा. पशुरोगांबाबतच्या २००९ च्या कायद्याने ते बंधनकारक आहे. नमुने घेऊन झाल्यावर डॉक्टर सांगतील तसे, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. तोवर पाड्यात नवे पक्षी आणू नका आणि बाजारातून परत आलेला कोंबडा पुन्हा कळपात सोडू नका.

## दुसरी खेप कधी

खोली रिकामी झाल्यावर तूस उपसून शेणखताच्या खड्ड्यात टाका, खोली धुऊन चुना मारा आणि किमान पंधरा दिवस मोकळी ठेवा. एका खोलीत दोन वयांची पिल्ले कधीच नको.

मागणी नोंदवण्यापूर्वी नोंदवहीतून प्रत्येक घराचे तीन आकडे काढा: दहातले किती पक्षी तीन महिन्यांनी जिवंत होते, किती पक्ष्यांना आर-टू-बी मिळाली, आणि आठवड्याला घरात किती अंडी खाल्ली गेली. सातपेक्षा कमी पक्षी उरलेल्या घरी जाऊन कारण पाहा. बहुतेक ठिकाणी ते कडी, जाळी किंवा चुकलेली लस यापैकीच निघते. ते दुरुस्त झाल्याशिवाय त्या घराचे नाव पुढच्या यादीत घेऊ नका.